उकळलेली सुई

आमच्या भावकीत पदवी घेतलेली मी पहिली. बायकांत पहिली आणि बाप्यांतही पहिली. हे मी आजही मान वर करून सांगते. इस्लामपूरजवळच्या आमच्या गावातून त्या काळी मुलीनं सांगलीला जायचं, विश्रामबागेत होस्टेलवर राहायचं आणि सूक्ष्मजीवशास्त्र असल्या तोंडात न मावणाऱ्या विषयात बी.एस्सी. करायचं, ही काही साधी गोष्ट नव्हती. पण ज्या विद्येचा मला अभिमान आहे, त्याच विद्येनं मी माझ्या वडिलांचं काय केलं, तेही सांगायला पाहिजे. एक सांगायचं आणि दुसरं झाकायचं, हे मला जमत नाही.

वडिलांना आम्ही आण्णा म्हणायचो. ते फौजेत होते, पण बंदूकवाले नव्हते. फौजेच्या दवाखान्यात जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, सुया देणं, हे त्यांचं काम. हवालदार म्हणून पेन्शनीत आले, वाट्याच्या रानात ऊस लावला, दोन म्हशी घेतल्या. तरी मन दवाखान्यातच अडकलेलं. इस्लामपूरचा डॉक्टर चिठ्ठीवर सुया लिहून द्यायचा, आणि रोज एक सुई घ्यायला एवढ्या लांब कोण जाणार? मग लोक चिठ्ठी आणि औषधाची बाटली घेऊन सकाळी आमच्या सोप्यात येऊन बसायचे.

आण्णांची एक पद्धत होती आणि ती कुणासाठी मोडायची नाही. पितळी स्टोव्ह, त्यावर फौजेतून आणलेला स्टीलचा लांबट डबा. सिरिंज काचेची. तिची नळी वेगळी, दट्ट्या वेगळा, दोन्ही जाळीच्या कापडात गुंडाळून आधी गार पाण्यात ठेवायची, नाहीतर काच तडकते. सुया आदल्या दिवशी बारीक दगडावर घासून धार लावलेल्या. पाण्याला खळखळून उकळी फुटली की मग घड्याळ बघायचं. त्याच्या आधीची मिनिटं धरायची नाहीत. तिथून वीस मिनिटं. तोवर कुणी कितीही कण्हत असो, घाई असो, एस.टी. चुकत असो.

"आण्णा, झालं की आता, केवढी वाफ आलीया," असं कुणी म्हटलं की ते म्हणायचे, "वाफ भाताला बघायची. हितं घड्याळ बघायचं."

आणि डब्याचं झाकण मधेच उघडून बघायचं नाही, हा दुसरा नियम. गावात तेव्हा सुई घेतल्यावर गळू होणं ही नेहमीची गोष्ट होती. आण्णांच्या सुईनं कधी कुणाला गळू झालं नाही. लोक त्यांना डाक्टरच म्हणायचे. ते "मी डाक्टर न्हाई" असं दर वेळी सांगायचे, आणि दर वेळी त्यांना बरं वाटायचं. ते मला दिसायचं.

मला शिकवायचं त्यांनीच ठरवलं. चुलते म्हणाले, पोरीला सांगलीला धाडून काय दिवे लावणार. आण्णा म्हणाले, "फौजेत मेजर बाई बघितलीया मी. तिच्या म्होरं कर्नल उभा ऱ्हायाचा." एवढं बोलून विषय संपला.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला निर्जंतुकीकरण शिकवलं. उकळत्या पाण्यात जंतू मरतात, पण काही जंतू स्वतःभोवती टणक कवच करून बीजासारखे पडून राहतात. त्यांना बीजाणू म्हणतात. ते उकळण्यानं मरतीलच याची खात्री नाही. त्यांना दाबाखालची वाफ लागते, पंधरा पौंडांचा दाब, ऑटोक्लेव्हमध्ये. मी वहीत लिहीत होते आणि डोळ्यांसमोर आण्णांचा डबा. वीस मिनिटं पुरत नाहीत! आमच्या गावात, आमच्या जिल्ह्यातल्या किती गावांत, ही गोष्ट फक्त मला माहीत होती. वय वीस. डोक्यात वारं शिरायला आणखी काय लागतं?

दिवाळीच्या सुट्टीला घरी निघताना मी प्रयोगशाळेतून एक छोटी बाटली घेतली. ऑटोक्लेव्हमधून काढलेली, तोंडाला कापसाचा बोळा, वर कागद, कागदावर दोरा बांधलेला. घरी आल्यावर फडताळावर ठेवली आणि आईला सांगितलं की हिला हात लावू नको, कॉलेजची आहे. का लावायचा नाही, ते सांगितलं नाही. आईला काय कळणार, असं वाटलं असावं. असावं काय, वाटलंच.

पाडवा झाल्यावर एका सकाळी आण्णांनी डबा उतरवला, तेव्हा मी त्यातलं थोडं पाणी बाटलीत घेतलं. त्यांनी कौतुकानं विचारलं, "हे काय, परीक्षा का?" मी म्हटलं, तुमच्या डब्याची. ते हसले. म्हणाले, "बघ बघ. पास हुईल."

सांगलीला परतल्यावर मी त्या पाण्याचे थेंब खळीच्या बशीवर पसरले. पेट्री डिश म्हणतात तिला, झाकणाची काचेची बशी असते, आत जंतूंना खायला घातलेली खळ. ती उबेत ठेवली. दुसऱ्या दिवशी बशीभर पांढरट, सुरकुतलेली बुरशीसारखी वाढ. मला घाबरायला हवं होतं. मला आनंद झाला.

पुढच्या रविवारी बशी टॉवेलात गुंडाळून, मांडीवर धरून एस.टी.नं घरी नेली. सोप्यात पाच-सहा माणसं बसलेली. त्यांत आमच्या शेजारची काकी होती. तिच्याबद्दल आधी सांगते. काकी विधवा, तिला एकच मुलगा, नुकतं लग्न झालेला. आदल्या वर्षी ऊस तोडताना कोयता त्याच्या पायावर बसला होता. दोन दिवस त्यानं तशीच चिंधी बांधून तोडणी केली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरनं धनुर्वाताची सुई लिहून दिली, ती आण्णांनी दिली. आठव्या दिवशी त्याची दातखीळ बसली. सांगलीच्या दवाखान्यात नेला, तो परत आला नाही. रानातल्या मातीनं घात केला, असं सगळे म्हणाले. काकीही तेच म्हणायची. आण्णाही. आता काकी स्वतः कसल्याशा अशक्तपणाच्या सुया घ्यायला आमच्याकडे येत होती.

मी सगळ्यांसमोर टॉवेल सोडला आणि बशी आण्णांच्या पुढ्यात धरली.

त्यांनी चष्मा लावून बघितलं. "हे माज्या डब्यातलं?"

"तुमच्याच," मी म्हटलं. "वीस मिनिटं उकळल्यावरचं. उकळून सगळं मरत नाही आण्णा. बीजाणू उरतात. धनुर्वाताचेसुद्धा."

हा शेवटचा शब्द मी पुस्तकातला म्हणून बोलले. वर्गात सरांनी तोच दाखला दिला होता. बोलताना माझं लक्ष बशीकडे होतं. मग मी मान वर केली. काकी उठली होती. तिनं आपली औषधाची बाटली कनवटीला लावली, पदर सारखा केला आणि कुणाकडं न बघता निघून गेली. तिची सुई राहिलीच.

आण्णांनी स्टोव्ह विझवला. पाणी अजून उकळायचं होतं. बसलेल्या माणसांना म्हणाले, "आज न्हाई हुणार. इस्लामपूरला जावा." माणसं एकमेकांकडे बघत गेली. एकजण जाता जाता मला म्हणाला, लय शिकलीस बाय. तो कौतुकानं म्हणाला की कसं, ते मला तेव्हा कळलं नाही. त्या वेळी मी ते कौतुकातच जमा केलं.

दुपारी आण्णांनी डबा पुसला, सिरिंज त्यात ठेवली, फडक्यात बांधून माळ्यावर टाकला. मी म्हटलं, आण्णा, असं एकदम बंद करायला सांगितलं नव्हतं मी. ते म्हणाले, तू सांगितलंस ते बरं झालं. आणि रानात गेले.

त्यानंतर लोक दुसऱ्या एका माणसाकडं जायला लागले. तो सुई नुसती स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचा. तीच सुई याला, तीच त्याला. गळवं व्हायला लागली. काही म्हाताऱ्या आण्णांकडे येऊन विनवायच्या, आवं हवालदार, तुमचीच सुई द्या, आमाला काय बी हुत न्हाई. आण्णा हात जोडायचे. काकीनं आमच्या घरचं येणं सोडलं. भांडण नाही, शब्द नाही. संक्रांतीला आईनं तिळगूळ पाठवला, तो तिनं घेतला आणि दारातूनच रिकामी वाटी परत दिली.

माझं शेवटचं वर्ष आलं. प्रात्यक्षिकाच्या तयारीसाठी मी तसल्याच दोन बाटल्या घरी आणल्या होत्या. परत निघायच्या दिवशी आई माझी पिशवी भरत होती. बाटल्या हातात घेऊन ती सहज म्हणाली, "तुमच्या कालेजात काय कोण भांडी घासत न्हाई वाटतं. मागं ती एक आणली हुतीस, तिला कसला वास येत हुता. मी आपली राखंनं चांगली घासली, आडाच्या पाण्यानं इसळली, चुलीपाशी पालथी घातली. आन् तो कापूस भिजला म्हणून वातीचा नवा कापूस लावला. तुला कळलं बी न्हाई."

आमच्याकडे बाहेरून आलेलं भांडं घासल्याशिवाय आत घेत नाहीत. शेजारणीनं परत केलेली वाटीसुद्धा चूल ओलांडायच्या आधी राखेचा हात खाऊन येते. आईनं बाटली तशी ठेवली असती तरच नवल. त्यातून ती बाटली माझ्या कॉलेजची, म्हणून जास्तच मन लावून घासली असणार.

मी पिशवी धरून उभी राहिले. राख, आडाचं पाणी, चुलीपुढची धूळ. बशीत उगवलं ते त्यातलं असणार. ते सुरकुतलेलं पांढरं म्हणजे नुसते मातीतले साधे जंतू होते, कुणाला न मारणारे, हे तर मला शेवटच्या वर्षाला ओळखायलाही शिकवलं होतं, आणि मी ते परीक्षेत बरोबर लिहिलं होतं. आठवलं की दोऱ्याची गाठही माझी नव्हती. कापूस जास्त मऊ होता. आणि खरी चूक तर त्याच्याही आधीची. कुठल्याही प्रयोगात ताडून बघायला दुसरी बशी ठेवतात, डब्यातल्या पाण्याशिवायची, नुसती बाटली धुतलेल्या शुद्ध पाण्याची. पहिल्या वर्षाचं पोरही ठेवतं. मी ठेवली नाही. मला ताडून बघायचंच नव्हतं, मला दाखवायचं होतं.

आईला मी काही बोलले नाही. आण्णांनाही लगेच नाही. परीक्षा होऊ दे, निकाल लागू दे, असं करत चार महिने काढले. सुशिक्षित माणसाला थांबायला कारणं पुष्कळ सापडतात. निकाल लागला, गावात पेढे वाटले, चुलत्यांनी फेटा बांधून आण्णांना ग्रामपंचायतीपाशी नेलं आणि माझ्या शिक्षणाचं श्रेय स्वतःकडं घेतलं. दुसऱ्या दिवशी मी रानात गेले. आण्णा उसाला पाणी पाजत होते. मी बांधावर उभी राहून सांगितलं की आण्णा, ती बशी चुकीची होती. बाटली स्वच्छ नव्हती. चूक माझी.

त्यांनी खोरं टेकलं. "बाटली तू आणल्यावर कुठं ठेवली हुतीस?"

"फडताळावर."

"मग हिनं घासली आसणार," ते म्हणाले, आणि थोडं हसले. "बाहेरचं भांडं ती तसंच ठेवील व्हय? तिला सांगू नगंस. जिवाला लावून घेईल."

मला वाटलं, सुटले. म्हटलं, म्हणजे तुमची सुई चांगली होती आण्णा. परत सुरू करा.

त्यांनी पाटातलं गवत खोऱ्यानं बाजूला ओढलं. मग म्हणाले, "बशीचं ऱ्हाऊ दे. उकळून समदं मरत न्हाई, हे तू म्हणालीस. ते खरं का खोटं?"

मी पायानं बांधावरचं ढेकूळ फोडलं.

"पुस्तकात हाय ना?"

"आहे."

"मग? मला ठावं नव्हतं तवर माजा हात हलला न्हाई. आता सुई म्हटली की तो तरणा पोरगा म्होरं येतो."

मी मग जे जे शिकले होते ते सगळं त्यांच्यापुढं मांडलं. जखम कोयत्याची, खोल. दोन दिवस मातीत. चिंधी शेणामातीची. सुई तिसऱ्या दिवशी. वीस मिनिटं उकळलेल्या कोरड्या सुईतून धनुर्वात होणं म्हणजे जवळजवळ अशक्य. शंभरातले नव्याण्णव वाटे मातीचे.

"आन् ऱ्हायलेला एक वाटा?" आण्णांनी विचारलं. रागानं नाही. मास्तरला विचारावं तसं. "तेवढा काढून देतीस का?"

तो मला काढून देता येत नव्हता. आजही येत नाही.

पाणी फुटून दुसऱ्या सरीत चाललं होतं. ते खोरं घेऊन तिकडं वळले आणि पाठमोरे म्हणाले, "माजं ऱ्हाऊ दे. त्या पोराच्या आईला जाऊन सांग."

काकी अंगणात तूर पाखडत होती. मी उंबऱ्यापाशी बसले आणि बांधावर जे सांगितलं तेच सांगितलं, नव्याण्णव वाट्यांसकट. ती सूप हलवत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुज्या बापाला मी कवा दोष दिला का?"

"नाही."

"देणार बी न्हाई. माजा पोरगा लय भेत हुता सुईला. एवढा बाप्या, पण लहान पोरागत. म्हणून त्याचा दंड मीच दाबून धरला हुता." तिनं सूप खाली ठेवलं. "तू तवा बोललीस, तवापासनं ह्यो हात मला दिसतो. आता जा बाय. तुजं चांगलं झालं, लय शिकलीस."

हा तोच शब्द होता, पण या वेळी मला कळला.

पुढं मला साताऱ्यात एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. पहिल्या सुट्टीला येताना मी एक प्रेशर कुकर घेऊन आले. आमच्या गावातला तो बहुधा पहिलाच. आण्णांना सांगितलं, याच्यात पंधरा पौंडांचा दाब होतो, हा म्हणजे घरातला ऑटोक्लेव्हच. याच्यात वीस मिनिटं ठेवलं की बीजाणूसुद्धा उरत नाहीत. त्यांनी शिट्टी काढून बघितली, रबराचं कडं बोटानं दाबून बघितलं, झाकण लावून बघितलं. चांगली वस्तू ओळखायचे ते. खूप वेळ हातात धरून बसले.

"ह्यो तवा आसता..." एवढं म्हणून थांबले. कुकर आईकडं दिला. आईला त्याची भीती वाटायची, फुटंल म्हणायची. तो फडताळावर पालथा पडून राहिला, जिथं ती बाटली ठेवली होती तिथंच.

पुढं काही वर्षांनी आण्णांना पोटाचा आजार झाला. साताऱ्याला आणून दाखवलं, पण उशीर झाला होता. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं आणि वेदनेसाठी सुया लिहून दिल्या. मी रजा काढून गावी आले. माळ्यावरचं फडकं उतरवलं. सिरिंज होती तशीच होती, जाळीचं कापड फक्त पिवळं पडलेलं. नळी, दट्ट्या, सुया मी नव्या कापडात गुंडाळल्या, तळाशी पाणी घातलं, कुकर स्टोव्हवर चढवला. आण्णा म्हणाले, स्टोव्ह सोप्यात आण, मला दिसंल असा. मग ते उशीवरून घड्याळाकडे बघत राहिले. एक शिट्टी झाली. मी मिनिटं मोजायला लागले, तर म्हणाले, "आतली हवा वाफंसंगं बाहेर पडू दे आदी, मग मोज. आन् झाकण गार झाल्यावर काढ."

हे त्यांना कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. त्यांचं त्यांनाच कळलं होतं.

वीस मिनिटं भरत असताना काकी दारात आली. आजार ऐकून गावातलं सगळंच माणूस येऊन जात होतं, ती आली नव्हती. ती आत येऊन भिंतीला टेकून बसली. आण्णा तिच्याकडं बघून म्हणाले, "या वैनी." ती म्हणाली, व्हय. बस, एवढंच.

मी सिरिंज जोडली, औषध भरलं. आण्णांचा दंड नुसता कातडीचा राहिला होता, सुई कुठं टोचायची हे मलाच समजेना. आईच्यानं बघवेना, ती आत गेली. काकी उठली. कुणी सांगितलं नव्हतं. ती अंथरुणाशी बसली आणि दोन्ही हातांनी तिनं त्यांचा दंड धरला. आण्णांनी डोळे मिटले. काकीची नजर त्यांच्या तोंडाकडं नव्हती, सुईवर होती. सुई आत जाईपर्यंत, औषध संपेपर्यंत आणि सुई बाहेर येईपर्यंत ती तिथून हलली नाही. मग तिनं बोळा दाबून धरला, आण्णांची बाही खाली केली आणि घरी गेली. तिनं माफ केलं की नाही, त्या एका वाट्याचं तिनं काय केलं, मी विचारलं नाही. ती त्यानंतर रोज त्याच वेळेला येत राहिली, अकरा दिवस. बाराव्या दिवशी सुईची गरज उरली नाही.

पण मला त्या पहिल्या दिवसाचीच संध्याकाळ आठवते. मी सोप्यात आण्णांचे पाय दाबत होते. मागच्या दारी घासण्याचा आवाज येत होता. जाऊन बघितलं, तर आईनं कुकर पुढ्यात घेतला होता आणि मूठभर राखेनं त्याला आतून बाहेरून घासत होती. आडाच्या पाण्यानं तिनं तो विसळला, उजेडाला धरून बघितला आणि चुलीपाशी पालथा घातला.

"चांगला निगाला का गं?" तिनं मला विचारलं.

मी म्हटलं, "चांगला निघाला, आई."